गुरूचा अंगठा

'द लंडन हाउलिन वुल्फ सेशन्स' ही ध्वनिमुद्रिका १९७१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर एक तुकडा असा आहे, की जो एरवीच्या रीतीप्रमाणे कात्रीखाली जायला हवा होता. 'लिटल रेड रूस्टर' हे गीत सुरू व्हायचे आहे, पण वादकांना सुरुवात साधत नाही आणि गाणे अडखळून थांबते. मग एक खरबरीत, भारदस्त आवाज समजावू लागतो : कोठे थांबायचे, किती मोजायचे, कोठे बदलायचे. तो ते गिटारवर करूनही दाखवतो. एक तरुण इंग्रज आवाज अदबीने विनवतो, की तुम्हीच आमच्याबरोबर वाजवा, म्हणजे आम्हांला मागोमाग येता येईल. पुन्हा मोजणी होते आणि गाणे सुरू होते.

समजावणारा आवाज चेस्टर बर्नेट ऊर्फ हाउलिन वुल्फचा. साल १९७०, महिना मे, स्थळ लंडनचा ऑलिम्पिक स्टुडिओ. वुल्फ साठीच्या उंबरठ्यावर होता आणि त्याची प्रकृती खालावलेली होती. विनवणारा तरुण म्हणजे पंचवीस वर्षांचा एरिक क्लॅप्टन. काही वर्षांपूर्वीच चाहत्यांनी लंडनच्या भिंतीवर त्याला देव ठरवून टाकले होते. ड्रमवर रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स होता आणि बेसवर बिल वायमन. याच दोघांनी आपल्या चमूबरोबर हेच गाणे १९६४ साली वाजवले होते, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले होते. म्हणजे ज्या गाण्याने देश जिंकला, ते गाणे सुरू कोठून होते हे आता त्यांना सांगावे लागत होते.

ज्येष्ठ ब्लूज कलावंत आणि त्यांचे रॉकमधील कनिष्ठ अनुयायी यांनी मिळून केलेल्या ध्वनिमुद्रिकांची, म्हणजे अल्बमांची, साठोत्तरी काळापासून एक मोठी रांग लागलेली आहे. त्यांच्याकडे स्नेहमेळावे म्हणून पाहण्याची पद्धत आहे. वेष्टनांवरील मजकूरही बहुधा तशाच ओलाव्याने लिहिलेला असतो. आम्हांला मात्र त्या हिशेबाच्या वह्यांसारख्या वाटतात. कोणी कोणाकडून काय घेतले आणि त्यातले परत किती केले, हे त्या वाजवण्यातच नोंदले गेले आहे. ऐकणाऱ्याने ते वाचायचे.

त्या दिवशी नेमके अडले काय, हे कळण्यासाठी थोडे व्याकरण पाहावे लागेल. ब्लूजचा रूढ साचा बारा घरांचा. प्रत्येक घरात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. तीन मुख्य स्वरसमूह ठरलेल्या घरी येतात. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. पुस्तकात हे सगळे चोख असते. पण मिसिसिपीच्या कापूसमळ्यांच्या मुलखात एकटाच गिटार घेऊन गाणारा माणूस घरे मोजून कशाला भरील? शब्द लांबला की घर लांबते, श्वास आटोपला की ते आखूड होते. गिटार गळ्यामागून चालते. चार्ली पॅटन, सन हाउस यांच्याकडून वुल्फ आणि मडी वॉटर्स यांनी घेतले ते हे. १९४३ साली मडी शिकागोला गेला, विजेची गिटार आली, पाच-सहा जणांचा संच उभा राहिला, तरी ही सवय पुरती मोडली नाही. संचातल्या लोकांनी मालकाच्या श्वासावर नजर ठेवायची, एवढाच नियम होता.

इंग्लंडमधल्या मुलांना हा श्वास पाहायला मिळाला नव्हता; त्यांना मिळाल्या होत्या तबकड्या. तबकडीवर एकाच दिवशीचे एकच गाणे गोठलेले असते. ही मुले ते शंभरदा ऐकत, सुई मागे नेऊन पुन्हा ऐकत, बोटे बसेपर्यंत घोटत. येथे कोणाही मराठी वाचकाला एकलव्य आठवेल. गुरूची मूर्ती समोर मांडायची आणि साधना करायची. साधना खरी होती, याविषयी आम्हांला शंका नाही. पण कथा पुढे उलटी होते. ह्या कथेत शिष्याचा अंगठा शाबूत राहिला. गेला तो गुरूचा.

हे म्हणणे अलंकारिक वाटू नये म्हणून काही नोंदी. मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या 'रोलिन स्टोन' या तबकडीवरून १९६२ साली एका इंग्रज चमूने आपले नाव घेतले. तो चमू कोठे पोचला हे सांगणे नको. वुल्फच्या १९६४ सालच्या 'किलिंग फ्लोअर'चा मोठा भाग लेड झेपलिनच्या १९६९ सालच्या 'द लेमन साँग'मध्ये श्रेयाविना उतरला, आणि ते प्रकरण १९७२ साली तडजोडीने मिटले. त्याच ध्वनिमुद्रिकेतील 'होल लॉटा लव्ह'चे मूळ विली डिक्सनने लिहिलेल्या आणि मडीने १९६२ साली गायिलेल्या गीतात आहे; त्यासाठी डिक्सनला १९८५ साली न्यायालयात जावे लागले आणि १९८७ साली समझोता झाला. हे झाले परक्यांचे. घरचा हिशेबही सरळ नव्हता. चेस या शिकागोच्या कंपनीशी संबंधित असलेल्या आर्क म्युझिक या प्रकाशनसंस्थेकडून आपले हक्काचे पैसे मिळावेत म्हणून मडी आणि डिक्सन यांना सत्तरीच्या दशकात दावा लावावा लागला.

रोलिंग स्टोन्सच्या बाजूनेही एक नोंद हवी. ती न घेणे अन्यायाचे होईल. मे १९६५ मध्ये अमेरिकेतील 'शिंडिग' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्यांना बोलावले, तेव्हा वुल्फलाही बोलवा असा त्यांनी आग्रह धरला. वुल्फ आला. त्याचा तो धिप्पाड देह डोलत होता, आणि ही पोरे त्याच्या पायांशी बसून ऐकत होती. हे चित्रण आजही पाहता येते. गोऱ्या अमेरिकन घरांतल्या कितीतरी मुलांना आपल्याच देशातला हा माणूस त्या संध्याकाळी लंडनच्या मुलांनी दाखवला.

आता प्रत्यक्ष ध्वनिमुद्रिकांकडे. १९६८ साली चेस कंपनीने मडीकडून 'इलेक्ट्रिक मड' करवून घेतली. नव्या पिढीच्या कानाला रुचेल अशा गिटारच्या किंचाळ्या आणि कर्कश गुरगुर तिच्यात भरली होती. मडीला ती आवडली नाही. वुल्फवर पुढल्याच वर्षी तोच प्रयोग झाला, आणि त्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर कंपनीने ठळक अक्षरांत छापले, की वुल्फला ही आवडलेली नाही! कलावंताची नापसंती विक्रीसाठी वापरण्याचे धाडस त्या काळच्या शिकागोतच होऊ शकते. (आमच्यापैकी एकाला 'इलेक्ट्रिक मड' आता ऐकवते, दुसऱ्याला अजूनही ऐकवत नाही. तिच्यातले वादक स्वतः कृष्णवर्णीय आणि अत्यंत कसलेले होते, हे मात्र दोघांना मान्य आहे.)

या पार्श्वभूमीवर १९६९ सालची 'फादर्स अँड सन्स' ही समजूतदार म्हणावी लागेल. मडी वॉटर्स आणि त्याचा पियानोवादक ओटिस स्पॅन हे पिते. गिटारवादक माइक ब्लूमफील्ड आणि हार्मोनिकावादक पॉल बटरफील्ड हे पुत्र. हे दोघे पुत्र तबकडीचे एकलव्य नव्हते. शिकागोतच वाढलेली ही गोरी मुले कोवळ्या वयात शहराच्या दक्षिण भागातल्या क्लबांत जाऊन मडीला समोर बसून ऐकत आली होती. म्हणूनच येथे कोणाला काही मोजून दाखवावे लागत नाही. ब्लूमफील्ड आपली एरवीची तळपती तान आवरतो, स्पॅनच्या पियानोला वाट देतो. ध्वनिमुद्रिका लोकप्रिय यादीत सत्तराव्या क्रमांकापर्यंत गेली. मडीच्या हिशेबाने हे मोठे यश होते. वर्षभरात, एप्रिल १९७० मध्ये, स्पॅन वारला.

तरी शीर्षकाविषयी एक कुरकुर नोंदवतो. पुत्र म्हणजे केवळ हेच काय? १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या 'फोक सिंगर' या ध्वनिमुद्रिकेत मडीच्या शेजारी विजेविना गिटार घेऊन बसलेला बडी गाय हा लुइझियानातून आलेला, सत्तावीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण होता. मडीचा आवाज कोठे वळेल हे आधीच ओळखून त्याची बोटे तेथे जाऊन थांबलेली असतात. अशी साथ आमच्या ऐकण्यात दुसरी नाही. पण ती पितापुत्रांची भेट आहे, असे छापण्याचे कोणाला सुचले नाही. घरातला मुलगा घरी आला तर त्याची बातमी होत नाही. बडी गायला स्वतःच्या नावावर मोठे यश लाभायला १९९१ साल उजाडावे लागले. आणि तेव्हा 'डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज'मध्ये पाहुणे म्हणून आले होते एरिक क्लॅप्टन आणि जेफ बेक.

हाच काटा लंडनच्या ध्वनिमुद्रिकेतही आहे, आणि अधिक खोल रुतलेला आहे. वुल्फचा गिटारवादक ह्यूबर्ट समलिन. वुल्फच्या साठच्या दशकातील तबकड्यांवर जी वळणदार, अवचित उसळी घेऊन पुन्हा दडी मारणारी गिटार ऐकू येते ती त्याची. क्लॅप्टनची पिढी ज्यावर पोसली तो घास याच्या ताटातला. त्यालाच लंडनला न्यायचा कंपनीचा विचार नव्हता. त्याला आणल्याशिवाय मी वाजवणार नाही, असा हट्ट क्लॅप्टनने धरला, तेव्हा तो आला. क्लॅप्टनच्या जमाखात्यात हा आकडा निश्चित लिहावा. पण मग समलिन तेथे काय करतो? तो मागे बसून ठेका धरतो. मुख्य गिटार क्लॅप्टन वाजवतो, आणि चांगली वाजवतो, आणि ती वाजवताना समलिनचीच वाक्ये समलिनसमोर म्हणतो. ध्वनिमुद्रिका आम्हांला प्रिय आहे. तरीही ती ऐकताना लक्ष मागच्या त्या दुसऱ्या गिटारकडे जाते, आणि मन अवघडते. समलिन पुढे २०११ साली वारला. त्याच्या अंत्यविधीचा खर्च मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी केला.

जॉनी विंटरने केले ते वेगळे. टेक्सासच्या बोमाँट गावचा हा वर्णहीन, पांढऱ्याफटक केसांचा मुलगा. किशोरवयात गावातल्या कृष्णवर्णीयांच्या क्लबात जाऊन त्याने बी. बी. किंगकडे मंचावर वाजवू देण्याचा हट्ट धरला होता, आणि किंगने त्याला वाजवू दिले होते. सत्तरीच्या दशकात तो रॉकचा मोठा तारा झाला. मडीचा आणि चेसचा संबंध संपला, तेव्हा विंटरने त्याला आपल्याशी संलग्न कंपनीत आणले, आणि ऑक्टोबर १९७६ मध्ये कनेटिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे काही दिवसांत 'हार्ड अगेन' ध्वनिमुद्रित केली. ती जानेवारी १९७७ मध्ये निघाली. हार्मोनिकावर मडीचा जुना सोबती जेम्स कॉटन, पियानोवर पाइनटॉप पर्किन्स, ड्रमवर विली स्मिथ, गिटारवर मडीच्याच संचातला बॉब मार्गोलिन. माणसे सगळी एका जागी, एकाच वेळी वाजवत होती. तुकडे वेगवेगळे घेऊन मागाहून शिवणे नाही.

पहिलेच गाणे 'मॅनिश बॉय', मूळ १९५५ सालचे. एकच स्वरवाक्य अखेरपर्यंत फिरत राहते, दुसरे घर नाहीच. मडी एक ओळ टाकतो आणि मागून कोणीतरी आनंदाने आरोळी ठोकतो. मडी पुढची टाकतो, आरोळी आणखी चढते. हा आरोळ्या ठोकणारा विंटर आहे. ज्याच्या बोटांच्या वेगासाठी लोक तिकिटे काढून येत, तो आपल्या निर्मितीच्या पहिल्या गाण्यात आधी ऐकू येतो तो दाद देणारा श्रोता म्हणून! आपल्याकडील मैफलीत मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य एखाद्या जागेवर न राहवून 'वाहवा' म्हणतो, त्याच जातीची ही आरोळी. रॉकमध्ये ती दुर्मीळ. तेथे वाहवा श्रोत्यांनी करायची आणि ती वादकाने घ्यायची, अशी वाटणी आहे.

याच ध्वनिमुद्रिकेत 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' आहे. १९४८ साली मडीने हे प्रथम गायिले तेव्हा बोटात नळी घालून तारांवरून घसरत जाणारी ती गिटार त्याची स्वतःची होती. शिकागोत त्याचे नाव झाले ते याच तबकडीने. १९७६ साली ती गिटार विंटर वाजवतो, धातूच्या पेटीच्या जुन्या वाद्यावर. गुरू समोर बसलेला, त्याच्याच हातची चीज, आणि वाजवणारा शिष्य. ही कसोटी लंडनच्या कसोटीहून कठीण होती, कारण येथे अडखळले असते तर समजावून सांगायला मडीला थांबावेच लागले नसते. त्याच्या चेहऱ्यावरच ते उमटले असते. विंटर अडखळत नाही. तो मूळची बरहुकूम नक्कलही करत नाही. मडी ज्या अक्षरावर रेंगाळतो तेथे तोही रेंगाळतो, इतकेच. तबकडीवर शिकलेले तो येथे विसरू शकतो. आमच्या मते याहून अवघड गोष्ट कोणत्याच एकलव्याला करावी लागत नाही.

'हार्ड अगेन'ला ग्रॅमी मिळाले. पुढे १९८१ सालापर्यंत विंटरने मडीच्या आणखी तीन ध्वनिमुद्रिका केल्या. त्यांतील दोहोंना तेच पारितोषिक मिळाले. मडी त्याला आपला मानसपुत्र म्हणे. ३० एप्रिल १९८३ रोजी मडी गेला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅनडातील हॅमिल्टन येथे एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी अल्बर्ट किंग आणि स्टीव्ही रे वॉन एकत्र वाजवले. ते ध्वनिमुद्रण 'इन सेशन' या नावाने १९९९ साली बाजारात आले, तोवर दोघेही हयात नव्हते. अल्बर्ट किंग डावखुरा. तारा न बदलता गिटार उलटी धरून तो त्या खाली खेचत असे, आणि त्या खेचण्यातून त्याचा तो रडवेला, लांबट स्वर निघे. वॉनने तो स्वर उजव्या हाताच्या गिटारवर आणला. त्याच वर्षी डेव्हिड बोवीच्या 'लेट्स डान्स'मध्ये तो जगभर ऐकला गेला, आणि ऐकणाऱ्या बहुतेकांना तो कोणाचा हे ठाऊक नव्हते. हॅमिल्टनमध्ये गाण्यांच्या मधल्या गप्पांत म्हातारा पोराला चिमटे काढतो, शाबासकी देतो, उपदेशही करतो. त्या गप्पा वाद्यांइतक्याच मोलाच्या आहेत.

जून २००० मध्ये निघालेल्या 'रायडिंग विथ द किंग'विषयी फार लिहिण्याजोगे आम्हांला सापडत नाही, जरी या रांगेतली सर्वांत यशस्वी हीच. तिच्या वीस लाखांवर प्रती एकट्या अमेरिकेत खपल्या. मुखपृष्ठावर क्लॅप्टन मोटार चालवतो आहे आणि बी. बी. किंग मागच्या आसनावर ऐटीत बसला आहे. चित्र गोड आहे. पण आत पाहुण्यांची, वाद्यांची आणि सफाईची इतकी दाटी आहे, की पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या किंगचा एकेक मोजका स्वर, ज्यासाठी तो किंग, त्याला उतरायला मोकळी जागाच मिळत नाही. फक्त 'की टू द हायवे' आणि 'वरीड लाइफ ब्लूज' येथे विजेची गिटार बाजूला ठेवतात, तेव्हा दोन माणसे खोलीत आहेत असे वाटते. येथे आमच्यात मतभेद आहे. एकाचे म्हणणे, की ज्या माणसाने आयुष्यभर वर्षाला दोनदोनशेंहून अधिक कार्यक्रम केले, त्याला उतारवयात एवढी मोठी विक्री लाभली, तर सफाईबद्दल कुरकुर करणारे आपण कोण? दुसऱ्यापाशी याला उत्तर नाही. पण तो ती ध्वनिमुद्रिका लावत नाही.

एका माणसाचे नाव राहिले. तो तारा नव्हता. ॲलन विल्सन, बॉस्टनच्या परिसरातला जाड चष्म्याचा, अबोल मुलगा. जून १९६४ मध्ये काही तरुणांनी सन हाउसला रॉचेस्टर शहरात शोधून काढले. मडीला ज्याने वाट दाखवली तो हा सन हाउस कित्येक वर्षे गिटारपासून दूर होता. त्याला आपलीच गाणी नीट आठवत नव्हती. विल्सनने जुन्या तबकड्यांवरून ती बसवली होती. तो म्हाताऱ्यासमोर गिटार घेऊन बसला आणि त्याची गाणी त्याला वाजवून दाखवू लागला. हळूहळू ती परत आली. १९६५ साली कोलंबियाने सन हाउसची जी ध्वनिमुद्रिका काढली, तिच्यामागे ही शिकवणी आहे, आणि तिच्यातील दोन गाण्यांना विल्सनची साथही आहे. तबकडी हा गुरूचा गोठलेला श्वास असे आम्ही वर म्हटले. येथे तो श्वास कोणीतरी जपून ठेवला होता म्हणून परत करता आला.

पुढे हा विल्सन कॅन्ड हीट या रॉक चमूत गेला, आणि मे १९७० मध्ये, म्हणजे लंडनला वुल्फ मोजून दाखवत होता त्याच महिन्यात, लॉस एंजेलिस येथे त्या चमूने जॉन ली हुकरबरोबर 'हुकर अँड हीट'चे ध्वनिमुद्रण केले. घरे मोजण्याच्या बाबतीत हुकर सर्वांत बेभरवशाचा. अकरा, साडेअकरा, तेरा, जसे मनात येईल तसे. पायाने फळीवर ठेका द्यायचा आणि गात सुटायचे. भलेभले साथीदार त्याच्यामागे ठेचकाळले आहेत. जोड-तबकडीच्या आरंभी हुकर एकटाच गातो. मग विल्सन येतो, कधी पियानो, कधी गिटार, कधी हार्मोनिका घेऊन. हुकर वळतो तेथे तो वळतो, हुकर गाळतो ते घर तोही गाळतो. मोजणी ऐकू येत नाही, कारण ती कोणी करतच नाही. उरलेला चमू शेवटी सामील होतो.

ध्वनिमुद्रिका १९७१ च्या आरंभी निघाली. विल्सन ३ सप्टेंबर १९७० रोजीच गेला होता, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. मुखपृष्ठावर एका खोलीत हुकर आणि चमूतील मंडळी आहेत, आणि मागच्या भिंतीवर चौकटीत विल्सनचे छायाचित्र टांगलेले आहे.